न कुरकुरणारं चाक

मागच्या रविवारी अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. तिकडे त्याने हौसेने एक लहान बोट घेतली आहे आणि ती तळ्यापर्यंत न्यायला गाडीमागे जोडायचा ट्रेलर. "काका, आज दिवसभर ट्रेलरची बेअरिंगं ग्रीस करत बसलो होतो. हात कोपरापर्यंत काळे झालेत, साबणाने जात नाहीयेत!"

मी म्हटलं, "आधी गोडेतेल चोळ, मग साबण लाव."

दोघंही हसलो. मग दोघंही एकदम गप्प झालो. आमच्या घरात ट्रेलरच्या बेअरिंगचा विषय निघाला की असंच होतं. का, ते पुढे येईलच. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही, हजार-दोन हजार वर्षं मागे जाऊनच सुरुवात करावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

तर सुरुवात आण्णांपासून करतो, म्हणजे माझ्या वडिलांपासून. आमच्याकडे लाकडी चाकाची बैलगाडी होती. चाकाला लोखंडी धाव, बाभळीचे आरे, मधे जाड तुंबा आणि तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी. त्या नळीतून गाडीचा आख जायचा आणि चाक निघून येऊ नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ. बस्स, एवढंच यंत्र. लोखंडावर लोखंड घासत फिरायचं. ते घासणं सुसह्य व्हावं म्हणून मधे वंगण. गाडीच्या साटीखाली बांबूच्या पेराचा एक नळा टांगलेला असायचा, त्यात एरंडेल आणि तेलात भिजून काळ्या झालेल्या चिंध्या. शिवाय एक काडी. लांबच्या वाटेला निघायचं असलं की आण्णा पहाटे गाडीला टेकू लावायचे, खीळ काढायचे, चाक वीतभर बाहेर ओढायचे आणि आखाला काडीने वंगण फासायचे. हे काम त्यांनी गड्याला कधी सांगितलं नाही. आम्ही मुलं कंदील धरायचो.

एखाद्या दिवशी हे राहिलं तर गाडी वेशीबाहेर पडायच्या आत बोलायला लागायची. करकर, करकर. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा तो आवाज. समोरून येणारा माणूस रामराम करायच्या आधी म्हणायचा, "पाटील, वंगण नाही वाटतं घातलं?" आण्णा ओशाळायचे, गाडी बाजूला घ्यायचे. "चाक रडलं की आधी बैलाच्या खांद्याला कळतं," असं ते म्हणत.

हा प्रश्न माणसाला किती जुना आहे, याचा एक पुरावा आमच्याच जिल्ह्यात सापडला. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथे जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा हाकणारा, पुढे जोडीने जुंपलेले बैल. पुढे डॉ. एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली तिथे काही वर्षं उत्खनन झालं. या वस्तूंचा काळ इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासचा मानतात. त्याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या रथाचं चित्र वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला होता, "गुरुजी, याच्या चाकाला वंगण कोण घालायचं?" वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी योग्य होता! ज्याने गाडी केली, त्याला त्याच दिवशी वंगणाची गरज पडली असणार.

इजिप्तमध्ये युया आणि थुया या दांपत्याचं थडगं १९०५ साली सापडलं. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं. त्यात एक रथ होता, आणि त्या रथाच्या आखावर मूळ वंगणाचा अंश शिल्लक होता, अशी नोंद घर्षणाच्या इतिहासाची पुस्तकं करतात. चिकट पदार्थ, त्यात वाळू आणि मातीचे कण मिसळलेले. तीन हजार वर्षांनी ग्रीस सापडलं, तेही कचरा मिसळलेलं! वंगणात माती जाऊ देऊ नका, हे आजही प्रत्येक मेकॅनिक सांगतो.

आता थोडं शब्दांविषयी. (हा माझा दुसरा दुर्गुण.) आपला 'आख' आला संस्कृत 'अक्ष' वरून, आणि इंग्रजीतला 'अ‍ॅक्सल' त्याच कुळातला. चाकाच्या मध्याला संस्कृतात 'नाभि' म्हणतात, इंग्रजीतला जुना शब्द 'नेव्ह', तोही त्याचाच भाऊ. आणि सगळ्यात गंमतीचा शब्द म्हणजे 'सुख'. ऋग्वेदात हा शब्द रथाचं विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे भोक, पोकळी. 'सुख' म्हणजे ज्याच्या चाकाचं आखासाठीचं भोक चांगलं आहे, जो नीट चालतो, असा रथ. 'दुःख' म्हणजे त्याच्या उलट. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या प्रसिद्ध संस्कृत कोशात ही व्युत्पत्ती दिलेली आहे. 'सुस्थ' या शब्दावरून 'सुख' आला असेल, अशी दुसरी शक्यताही तिथेच दिली आहे, तेव्हा छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण ज्याने एकदा तरी रिकाम्या वंगणाच्या नळ्यानिशी बाजाराला जाऊन यायचा प्रवास केलाय, त्याला पहिली व्युत्पत्ती पटायला वेळ लागत नाही.

असो. हजारो वर्षं चाक असंच घासत राहिलं. चाक जमिनीवर लोळत होतं खरं, पण आखावर ते घासतच होतं. आखावरही काहीतरी लोळवलं तर? वर्गात मी हे दाखवायचो. टेबलावर जाड पुस्तक ठेवून बोटाने ढकला, जड जातं. त्याखाली चार गोल पेन्सिली ठेवा, फुंकरीने हलेल असं वाटतं. एवढीच कल्पना. पण ती नीट वापरात यायला फार काळ गेला.

इटलीतल्या नेमी सरोवराच्या तळाशी रोमन सम्राट कॅलिग्युलाची दोन प्रचंड जहाजं होती. सरोवराचं पाणी उपसून १९२८ ते १९३२ या काळात ती उघडी केली. त्यात एका फिरत्या चौथऱ्याचे अवशेष मिळाले, त्याखाली काशाचे गोळे बसवलेले होते. म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही युक्ती कुणाला तरी सुचली होती. (ती जहाजं १९४४ साली आगीत जळून गेली. इतिहासाच्या मास्तरला असल्या गोष्टींचं वाईट वाटतं.) मग फार पुढे, १७९४ साली, वेल्समधल्या कारमार्थेनच्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंड-कारखानदाराने घोडागाडीच्या आखासाठी पेटंट घेतलं. आखाला गोल खाच आणि खाचेत लोखंडी गोळ्या. आजच्या बॉल बेअरिंगचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. पण एकसारख्या मापाच्या गोळ्या हाताने करणार कोण? एक गोळी केसभर मोठी असली तरी सगळं ओझं तिच्यावरच.

हा प्रश्न सोडवला सायकलीने. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल स्युरिरे याने सायकलच्या चाकासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर नावाच्या इंग्रज तरुणाने जिंकली, ती अशा बेअरिंगच्या सायकलवर. मग सगळ्यांनाच ती हवी झाली. १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या एकाच मापाच्या आणि अगदी गोल घासणारं यंत्र केलं. तिथून बेअरिंग हा कारखान्याचा माल झाला. आपल्या सायकल दुकानदाराच्या डबीतले छर्रे आठवा. लहानपणी आम्ही ते गोट्या म्हणून चोरायचो.

पण गाडीच्या चाकाची अडचण वेगळी. वजन नुसतं वरून येत नाही. चाकोरीतून गाडी हिंदकळते, वळते, उताराला तिरपी होते, तेव्हा चाकाला बाजूनेही धक्का बसतो. यावर उपाय शोधला तो हेन्री टिमकन याने. जन्म जर्मनीतला, लहानपणीच अमेरिकेत गेलेला, सेंट लुइस गावी घोडागाड्या बनवणारा माणूस. १८९८ साली त्याला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळालं. गोळीऐवजी रोलर, आणि तोही एका टोकाला बारीक. एका शंकूच्या अंगावर असे रोलर बसवलेले, आणि बाहेरून तसाच निमुळता कप. वरचं ओझंही पेलतो, बाजूचा धक्काही पेलतो. झिजला तर नट जरा आवळून पुन्हा नीट बसवता येतो. प्रत्येक चाकात अशी दोन, एकमेकांकडे निमुळती तोंडं करून. सांगतात की अशी बेअरिंगं बसवलेली गाडी दोन खेचरं जुंपून रस्त्यावर आणली, तेव्हा एवढं ओझं मुक्या जनावरांवर लादलं म्हणून पोलिसांनी गाडीवानाला धरलं, आणि खेचरांना ते ओझं जड जात नाही हे त्याला कोर्टात पटवून द्यावं लागलं! दंतकथेचा भाग किती ते देव जाणे, पण मला ती आवडते. मोटारगाडीच्या चाकात जाऊन बसलेलं हे बेअरिंग मुळात घोड्या-खेचरांच्या गाडीसाठी होतं, हे त्यातून कळतं.

पुढे बेअरिंगला काय मोल आलं ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. श्वाइनफुर्टचे बेअरिंग कारखाने नष्ट करायला १९४३ च्या १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला अमेरिकन विमानांनी मोठे हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात त्यांची स्वतःची ६० विमानं पडली. आपल्याकडे जयपूरला १९४६ साली बेअरिंगची देशी कंपनी निघाली, १९६० च्या दशकात आपल्या चिंचवडलाही कारखाना आला.

याच काळात वंगणही बदललं. ग्रीस म्हणजे काय, तर तेल आणि एक प्रकारचा साबण. साबण स्पंजासारखा तेल धरून ठेवतो आणि लागेल तसं सोडतो. चुन्याच्या साबणाचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण तापलं की पातळ होतं. सोड्याच्या साबणाचं ग्रीस उष्णता सोसतं, पण पाण्यात धुऊन जातं. लिथियमच्या साबणाचं ग्रीस दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. त्याची पेटंटं क्लॅरन्स अर्ल या अमेरिकन संशोधकाला १९४२ साली मिळाली. आज दुकानात 'मल्टिपर्पज' म्हणून जो डबा मिळतो, तो बहुतेक याच जातीचा असतो. एरंडेलाच्या नळ्यापासून इथपर्यंतचा प्रवास एका डब्यात बसतो!

आता परत प्रवरेकाठी येऊ. दायमाबादचा रथ ज्या नदीकाठी सापडला, त्याच नदीच्या खोऱ्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना काढला. १९५० साली तो सुरू झाला. मग जिल्ह्यात एकामागून एक धुराडी उभी राहिली, आणि ऊस वाहायला आली 'डनलॉप गाडी'. बैल तेच, पण चाकं हवेच्या टायरची आणि तुंब्यात बेअरिंग. टायर कुठल्याही कंपनीचा असो, नाव डनलॉपच! आमच्या गावात पहिली डनलॉप गाडी आली तेव्हा आण्णा तिच्या मागे-मागे चालत बांधापर्यंत गेले होते. परत येऊन म्हणाले, "आवाजच नाही रे तिला." त्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं की भीती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्याचा विषय लावून धरला होता. बैलाची किती ताकद नुसत्या घासण्यात वाया जाते, मानेला किती जखमा होतात, हे ते सांगत राहिले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. बेअरिंगने बैलाचे हाल कमी केले, याबद्दल मला शंका नाही. मला सांगायचंय ते वेगळंच.

आण्णा १९८४ साली गेले. १९८६ मध्ये मी फंडातून कर्ज काढून धाकट्या भावाला जुना ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली घेऊन दिली. शेती तो बघायचा, मी शाळा. दर दसऱ्याला ट्रॉलीला हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली नारळ. पूजेला मी स्वतः असायचो. पण चाकाचं टोपण काढून आत बघावं, असं पाच वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. भाऊ एकदा म्हणाला होता, "दादा, हब उघडून ग्रीस बदलायला पाहिजे म्हणतात, गॅरेजला टाकू का?" हंगाम तोंडावर होता. मी म्हटलं, "बेअरिंग आहे ते, त्याला काय होतंय? हंगाम होऊन जाऊ दे." घरात शिकलेला मी. माझा शब्द शेवटचा.

शेतातून रस्त्याला लागायला एक ओढा लागतो. ट्रॉली भरून कारखान्याला जायची, रिकामी परत यायची, आणि येताना रस्त्यावरून तापलेलं चाक थेट ओढ्याच्या गार पाण्यात उतरायचं. तापलेल्या हबमधली हवा गार झाली की आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. हे मला नंतर कळलं. पाणी आणि ग्रीस मिसळून आधी ताकासारखं पांढरं होतं, मग रोलरवर गंज, मग खड्डे.

फेब्रुवारी १९९१. भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढाला लागली आणि उजवं चाक आखासकट कापल्यासारखं निघून खाली घरंगळलं. ट्रॉली कलंडली. बीडकडच्या टोळीतला एक तोडकरी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधल्या दांड्यावर बसला होता. त्याच्या पायावर उसाचा ढीग आला. आज अमेरिकेत बोट ओढणारा पुतण्या तेव्हा सात वर्षांचा होता, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याने सगळं पाहिलं.

माणूस वाचला. पाय मात्र आखूड राहिला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. कोयता अर्धा झाला, उचल मात्र पूर्ण फेडायची. ती त्याच्या बायकोने आणि थोरल्या मुलाने पुढे कितीतरी हंगाम फेडली असणार. आम्ही काही महिने पैसे पाठवले, मग ते थांबले. का थांबले, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. वाईट उत्तरं आहेत.

तालुक्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने हब फोडलं आणि मला बोलावलं. आतलं ग्रीस वाळलेल्या डांबरासारखं, त्यात तांबडा गंज. काही रोलर निळे पडलेले. पोलाद जास्त तापलं की निळं पडतं. पिंजऱ्याचे तुकडे झालेले आणि आतली कडी आखाला चिकटून बसलेली. तो म्हणाला, "गुरुजी, हे आजचं नाही. वर्षभर हे आतून मरत होतं."

मी विचारलं, "मग कळलं कसं नाही?"

"कसं कळेल? ते काय बैलगाडीचं चाक आहे, रडायला?"

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. जुनं चाक दर कोसाला आठवण करून द्यायचं. नुसती धन्याला नाही, सगळ्या गावाला ऐकू जायचं की अमक्याने वंगण घातलेलं नाही. वंगण न घालणं ही तेव्हा चारचौघात लाज होती. बेअरिंग इतकं चांगलं, इतकं सोशिक, की वर्षानुवर्षं ते काही मागत नाही. यंत्र सुधारलं तशी त्याची तक्रार बंद झाली, आणि आठवण ठेवायचं काम पूर्णपणे माणसावर आलं. ते काम कुणाचं, हे आमच्या घरात कधी ठरलंच नव्हतं. आण्णा असते तर ठरवायची गरज पडली नसती. आणि चाक निखळलं तेव्हा त्याचं मोल मी नाही भरलं, दांड्यावर बसलेल्या माणसाने भरलं. शेकडो वर्षांचा इतिहास शिकवणाऱ्याला आपल्या दारातल्या चाकाचा पाच वर्षांचा इतिहास माहीत नव्हता.

आता दरवर्षी दिवाळीच्या आधी, हंगाम सुरू व्हायच्या अगोदर, आमच्या अंगणात हब उघडले जातात. काम धाकटा पुतण्या करतो, मी खुर्ची टाकून बसतो. सगळ्यांना उपयोग होईल म्हणून पद्धत लिहून ठेवतो. चाक जॅकवर घ्यायचं, जॅकखाली भक्कम टेकू, दुसऱ्या चाकाला दगड. चाक वर-खाली धरून हलवायचं, लटलट वाटली तर नोंद घ्यायची. हाताने फिरवून कान लावायचा, खरखर येते का. मग टोपण काढायचं, पिन सरळ करून ओढायची, नट सोडवायचा आणि हब सांभाळून बाहेर घ्यायचं, बाहेरचं लहान बेअरिंग मातीत पडू द्यायचं नाही. जुनं ग्रीस सगळं काढायचं. नव्या ग्रीसवर जुनं ठेवायचं नाही, दोन जातींची ग्रीसं एकमेकांशी पटतीलच असं नाही. रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, पूर्ण वाळवून, उजेडात एकेक रोलर बघायचा. खड्डा, गंज, निळेपणा दिसला तर कप आणि कोन दोन्ही बदलायचे, एकच नाही. सील दरवेळी नवं.

मग खरं काम. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, रोलरच्या फटींतून ग्रीस वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग जरा फिरवून पुन्हा. पूर्ण वेढा होईस्तोवर. वरून फासलेलं ग्रीस म्हणजे नुसती पूजा! पण हब गच्च भरायचं नाही, तापल्यावर फुगून सील ढकलून देतं. नट चाक फिरवत फिरवत आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग किंचित सैल करायचा, पिनेचं भोक जुळेल इतका. पिन नवी. जुनी पिन सरळ करून परत घालणारा माणूस माझ्या अंगणात चालत नाही. पहिल्या खेपेनंतर हबला हात लावून बघायचा. कोमट ठीक, चटका बसला तर थांबायचं. आणि ओढा ओलांडायच्या आधी चाकं जरा निवू द्यायची.

मागच्या वर्षी नातीने हट्टाने हात घातला. आठ वर्षांची. तळहातावर ग्रीस घेऊन अर्धा तास एक बेअरिंग भरत होती. तिची आई ओरडली, फ्रॉक खराब झाला म्हणून. मी काही बोललो नाही. तिने विचारलं, "आजोबा, हे दरवर्षी करायचं?" म्हटलं, "दरवर्षी." "आवाज येत नसला तरी?" "आवाज येत नसला तरच."

काल पुतण्याला पुन्हा फोन केला. हात निघाले का विचारायला. निघाले म्हणाला, नखांत थोडं राहिलंय. मग जरा थांबून म्हणाला, "काका, त्या माणसाचं गाव तुम्हाला आठवतं का?" मला आठवतं. भावाच्या जुन्या वहीत मुकादमाचं नावही आहे. तेहतीस-चौतीस वर्षं झाली, तो माणूस आहे की नाही हेही ठाऊक नाही. पण दिवाळीला पुतण्या येतोय. हब उघडून झाले की दोघं मिळून तिकडे जाऊन यायचं ठरवलंय.

घरच्यांना हे इथेच कळतंय. रागावू नका. प्रवास झेपेल मला.